जावा आणि अकरावा अध्याय

“बाईच्या हाताला ग्रीसचा वास लागला की त्या घरात लक्ष्मी टिकत नाही,” जिन्याच्या चौथ्या पायरीवरून अण्णा म्हणाले. “आता ह्या घरात तिनं टिकावं तरी कुणासाठी, तो प्रश्न वेगळा.”

अण्णा माझे मोठे दीर. आमच्या पोटी मूल नाही, हे ते मला अशा आडवळणानं सतरा वर्षं सांगत आले होते.

शेडमध्ये गाडीच्या पलीकडे दस्तगीर मिस्त्री उकिडवे बसले होते. “वैनी, तिकडं लक्ष देऊ नका,” ते हळूच म्हणाले. “हाणा किक. आज लागणार.”

मी पदर खोचला. जावा मोटारसायकलची एक गंमत असते. गिअरचा दांडा आणि किक एकच. दांडा आत दाबून वर उभा केला की त्याचीच किक होते. मी दांडा उभा केला, मनात देवीचं नाव घेतलं आणि पाय मारला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा नुसती उचकी. तिसऱ्यांदा गाडी अशी काही गरजली की पत्र्यावरची कबुतरं भुर्रकन उडाली. निळा धूर शेडभर झाला. दस्तगीर मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते म्हणाले, धुरानं.

ही नवरात्रातल्या अष्टमीची दुपार. त्याला आता बावीस वर्षं झाली.

गाडी मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. लाल टाकीची. शेतकी खात्याच्या नोकरीत ते हिच्यावरून कऱ्हाडपासून पाटण, ढेबेवाडीपर्यंत हिंडले. ते गेल्यावर गाडी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली. सीटमध्ये मांजरं व्यायली. मग आमच्या ह्यांनी मनावर घेतलं. नट न् नट खोलला. इंजिनाचे भाग घासूनपुसून स्टीलच्या ताटांत मांडले आणि प्रत्येक ताटाला स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली. एका रविवारी मी जेवायला बोलवायला गेले, तर हे ताटांच्या मधे आडवे पडलेले. पान्हा मुठीत तसाच होता.

हे गेल्यावर चौथ्याच महिन्यात अण्णांनी भंगारवाला बोलावला. मी शेडच्या दारात उभी राहिले.

“अण्णा, ही मी उभी करीन.”

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. “तू? एकादशी, चतुर्थी, मंगळवार, शुक्रवार, ह्यातून तुला गाडीला वार कुठला उरतो? बरं, कर. चालू करून दाखव, गाडी तुझी. काय दस्तगीर, तू साक्षीला.”

दोन वर्षं लागली. पहाटे स्नान, तुळस, पोथीचा एक अध्याय, मगच चहा. दुपारी जुनेर नेसून शेड. दिवेलागणीच्या आत रिठ्यानं हात चोळून पुन्हा देवापुढं. गाडीपायी मी एक नेम चुकवला नाही, आणि नेमापायी गाडीही चुकवली नाही. दस्तगीर मिस्त्री आमच्या ह्यांचे शाळेपासूनचे सोबती. आठवड्यातून दोनदा यायचे, दाखवायचे आणि माझ्याकडूनच करून घ्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी जे सांगितलं, ते मी पोथीतल्या श्लोकासारखं पाठ केलं होतं.

“वैनी, ही टू स्ट्रोक. हिचं ऑइल पेट्रोलातच कालवायचं. लिटरला चाळीस मिली. नुसतं पेट्रोल घातलंत तर पिस्टन कोरडा पडंल, तापून फुगंल आणि आहे तिथं चिकटंल. मागचं चाक जागच्या जागी जाम. माणूस वरनं गेला म्हणून समजा.”

खोकल्याच्या औषधाच्या मापानं मी ते मोजत असे. चार मापं, एक लिटर.

तर अष्टमीला गाडी लागली, आणि अण्णा उरलेल्या पायऱ्या उतरून खाली आले. टाकीवरून त्यांनी हात फिरवला. बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा, विकत घेण्याआधी.

“झकास. परवा दसरा. कल्याणीचं लग्न झाल्यापासूनचा पहिला दसरा. शिरीषला हीच देऊन टाकू. जावयाला जावा!” आणि ते एकटेच हसले.

“अण्णा, तुम्ही शब्द दिला होता,” मी म्हणाले.

“कसला शब्द?”

“माझ्यासमोर बोलला होता, साहेब,” दस्तगीर मिस्त्री म्हणाले.

“तू पान्हे गोळा कर, मिस्त्री. घरातल्या गोष्टींत तोंड घालू नकोस.” मग माझ्याकडे वळून, “आरसी बुकावर नाव बाबांचं. थोरला मी. लेक-जावई मला. तुझ्या हातात काय आहे, सांग बरं?”

“गाडी आहे,” मी म्हणाले.

“काय? मोठ्यानं बोल की. सदा मेलं तोंडातल्या तोंडात.”

“काही नाही म्हटलं.”

“तेच. काही नाही.” ते जिना चढून गेले.

मी मोठ्यानं कधी बोलत नाही. लोक त्याला सोशिकपणा म्हणतात. त्या रात्री मी उपाशीपोटी चटईवर पडून अण्णांचं जे जे वाईट व्हावं असं वाटत होतं, ते एकेक करून देवीला सांगितलं. अगदी हळू आवाजात.

दस्तगीर मिस्त्रींनी जाण्यापूर्वी टाकी रिकामी केली होती. टाकीतल्या गंजाचे पापुद्रे खाली उतरत होते. “आज कोरडी ठेवा,” ते म्हणाले. “दसरा झाला की येतो, धुऊन नवं पेट्रोल घालू. ऑइलचा डबा हितंच ठेवलाय, भिंतीला.”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात, आणि पुजलेलं हत्यार दिवसभर उचलत नाहीत. मी शेड सारवल्यासारखी स्वच्छ केली. देवीची तसबीर ठेवून तिच्यापुढं पाटावर ह्यांचे सगळे पान्हे, पक्कड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर मांडले. मधे गाडीची किल्ली ठेवली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिले, समई लावली आणि पोथी घेऊन आसनावर बसले. नवमीला तेराच्या तेरा अध्याय एका बैठकीत वाचायचे, हा माझा नेम. पाठ चालू असताना उठायचं नाही, बोलायचं नाही. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

अण्णांना तर चांगलंच ठाऊक होतं. म्हणूनच ते तेव्हा आले.

माझा अकरावा अध्याय चालू होता. शेडच्या दारात सावली पडली. पुढं अण्णा, हातात पेट्रोलचा प्लॅस्टिकचा कॅन. मागं शिरीष. पंचविशी ओलांडलेला, चष्म्याचा, शांत मुलगा. त्यानं दाराबाहेर चपला काढल्या. अण्णांनी काढल्या नाहीत.

“बस, बस. उठू नकोस,” अण्णा म्हणाले. “पाठ मोडू नये, देवीचा कोप होतो. नाही का? आम्ही काय, आमची वस्तू घेतो आणि जातो.”

ते वाकले आणि पाटावरची किल्ली त्यांनी उचलली. किल्लीवरचं झेंडूचं फूल समईत पडलं. माझं वाचन चालूच होतं. आवाज मात्र माझा मलाच परका वाटायला लागला.

“पप्पा, पूजेतली वस्तू आहे ती,” शिरीष म्हणाला. “उद्याच नेऊ या ना. काकूंचा पाठ झाला की विचारून.”

“विचारायचं काय त्यात? उद्या मुहूर्ताला हिचा रडण्याचा कार्यक्रम नको. जा, एक चक्कर मारून ये. कोयनेच्या पुलापर्यंत.” त्यांनी टाकीचं झाकण फिरवून काढलं, आत डोकावले. “खडखडीत! बघ, पेट्रोलसुद्धा काढून ठेवलंय बाईनं. इतका विष्णुसहस्रनामाचा जीव, पण पोटात काय काय असतं बघ.”

ते कॅनचं बूच काढू लागले. आयुष्यभर सरकारी जीपच्या मागच्या सीटवर बसलेला माणूस. निवृत्त झाल्यावर मोटार घेतली, तीही ड्रायव्हर चालवायचा. शिरीषकडे नव्या धर्तीची फोर स्ट्रोक गाडी होती. टाकीत पेट्रोल ओतायचं, एवढंच दोघांना माहीत.

पण शिरीष थांबला. त्यानं अण्णांच्या मनगटावर हात ठेवला. “एक मिनिट, पप्पा. जुनी गाडी आहे.” मग तो माझ्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसला. देवीला नमस्कार केला. “काकू, ह्या पेट्रोलात काही कालवावं लागतं का? की नुसतं घातलं तर चालेल?”

“अरे, पेट्रोल म्हणजे पेट्रोल,” मागून अण्णा म्हणाले. “त्याचं काय पंचामृत करायचंय?”

“काकू, बोलू नका तुम्ही. नुसती मान हलवा. चालेल ना?”

ऑइलचा डबा माझ्यापासून दोन हातांवर होता. शिरीषच्या गुडघ्यापासून तर एकच हात.

मी पोथीचं पान उलटलं.

“बघितलंस? मुकी देवी,” अण्णा हसले. कॅन रिता होईपर्यंत पेट्रोल टाकीत गेलं. अण्णांनीच त्याला किकची गंमत दाखवली. अष्टमीला माझ्याकडूनच ती त्यांनी जिन्यावरून पाहून ठेवली होती. गाडी दुसऱ्या किकला लागली. शिरीषनं जाताना पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. “लगेच आणून ठेवतो हं, काकू,” तो म्हणाला.

आवाज बोळातून गेला, मोठ्या रस्त्याला लागला, विरला. मी अकरावा अध्याय पुरा केला. बारावा केला, तेरावा केला. आरती केली. नैवेद्य दाखवला. एक अक्षर चुकलं नाही.

अण्णा दुपारी परत आले. सदऱ्यावर रक्त होतं, त्यांचं नव्हतं. शेडच्या दारात ते थांबले आणि ह्या खेपेला त्यांनी चपला बाहेर काढल्या.

“पुलाच्या अलीकडे,” ते म्हणाले. “मागचं चाक एकदम धरलं. कुणीतरी दोरीनं धरावं तसं. पोरगं पुढं फेकलं गेलं.” त्यांनी सदऱ्यावरच्या डागाकडे पाहिलं. “जीव वाचला. उजव्या कोपराचा चुरा झालाय. डॉक्टर म्हणतात, हात सरळ होईल असं सांगता येत नाही.”

मी उभी होते. हातातली पोथी कापडात गुंडाळली.

“मी तुझा पाठ मोडायला आलो होतो. मुद्दाम त्या वेळी आलो. किल्ली उचलली देवीच्या पुढ्यातून. तिनं मला सोडलं आणि पोराला धरलं.”

संध्याकाळी ते आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, माईवहिनी, खण, नारळ, तांदूळ घेऊन खाली आले. माईवहिनींनी देवीची ओटी भरली, मग, विधवेची भरत नाहीत तरी, माझी. त्यांचे हात गार होते. अण्णांनी आरसी बुक पाटावर ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर खाली बसले.

“गाडी तुझी. मी पुन्हा नाव काढणार नाही. तू तिला सांग, बस म्हणावं एवढं.”

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. समोर दोन म्हातारी माणसं भीतीनं वाकलेली होती. मला सतरा वर्षं आठवली. जिन्याची चौथी पायरी आठवली.

“देवी सगळं बघते, अण्णा,” मी हळू आवाजात म्हणाले.

त्यांनी जमिनीला डोकं टेकलं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी दस्तगीर मिस्त्री आले. टेम्पोतून आणलेली गाडी शेडमध्ये तिरकी उभी होती. त्यांनी एकट्यानं हेड उतरवलं, सिलिंडर ठोकून ठोकून सोडवला. पिस्टन हातात घेऊन उजेडात धरला. पिस्टनवर उभे ओरखडे होते, मांजरानं ओरबाडल्यासारखे. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

“कोरडा,” ते म्हणाले. “तेलाचा थेंब नाही, वैनी. टाकी कुणी भरली?”

“अण्णांनी.”

“तुम्ही कुठं होता?”

“इथंच. पाठाला.”

त्यांनी पिस्टन उलटा करून पाहिला. “पोरगं तसंच बसलं गाडीवर? काही इचारलं नाही?”

“विचारलं.”

“मग?”

“पाठात बोलता येत नाही.”

“बोललं तर काय होतं?”

मी ताटातल्या चिठ्ठ्या सारख्या केल्या. त्यांनी पुन्हा विचारलं, तसंच, आवाज न चढवता.

“अध्याय पहिल्यापासून वाचावा लागतो,” मी म्हणाले. “पाण्याचं आचमन घ्यायचं आणि पुन्हा सुरुवात.”

“आख्खी पोथी?”

“नाही. तेवढा अध्याय.”

“त्याला वेळ किती?”

“पंधरा मिनिटं. फार तर वीस.”

दस्तगीर मिस्त्रींनी पिस्टन ताटात ठेवला, ह्यांच्या चिठ्ठीच्या ताटात. चिंधीनं हात पुसले, एकेक बोट पुसलं. “आम्ही नमाजला उभं असलो, आणि एखादं पोर विहिरीकडं चाललेलं दिसलं, तर नमाज मोडायची असती, वैनी. मोडायचीच. मला माझ्या बापानं पहिली नमाज शिकवली, त्याच दिवशी हे पण शिकवलं.” त्यांनी आपली पिशवी उचलली. “तुमच्यात तसं नसंल, असं मला वाटत न्हाई.”

“मिस्त्री, गाडी...”

“गाडी माझ्या दोस्ताची होती. तुम्ही त्या पोराला सांगा. मग बोलवा. नवा पिस्टन घेऊन येतो. तोवर न्हाई.”

मी सांगितलं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. वर अण्णांचं सगळंच पालटलं होतं. त्यांनी मंगळवार धरला. वर्षभर पायात काही घालणार नाही, असं देवीला बोलले. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरून ते अनवाणी बाजारात जायचे आणि परत आले की जिन्याशी टाचा धरून बसायचे. मला बघून हात जोडायचे. मला नव्हे, माझ्या मागं त्यांना जी दिसत होती तिला. मी मान लववून आत जायची. त्यांची मान खाली गेलेली बघून मला बरं वाटायचं, हेही लिहून टाकते.

पुढचा दसरा आला. संध्याकाळी आळीतली सगळी सोनं देऊन गेली, आणि मग शिरीष आला, एकटा. उजवा हात कोपरातून वाकलेला, पोटाशी धरल्यासारखा. डाव्या हातात आपट्याची पानं होती.

“काकू, डाव्या हातानं देतोय. राग मानू नका.”

मी ओंजळ पुढं केली. त्यानं पानं ठेवली आणि वाकून नमस्कार केला. ‘सोन्यासारखा राहा’ एवढंच म्हणायचं असतं. ते माझ्या तोंडून निघेना.

“शिरीष,” मी म्हणाले. “त्या दिवशी तू मला एक विचारलं होतंस.”

“हो. पेट्रोलाचं.”

“तेल कालवावं लागतं. लिटरला चार मापं. मला माहीत होतं. तू मान हलवा म्हणालास, तेव्हाही माहीत होतं. डबा तुझ्या गुडघ्याशी होता.”

त्यानं चष्मा सारखा केला. डाव्या हाताला ते नीट जमलं नाही, दोनदा करावं लागलं.

“मग देवीनं...”

“देवीनं काही केलं नाही.”

“पप्पा वर्षभर अनवाणी चालतायत.”

“हो.”

“आणि तुम्ही रोज बघताय.”

मी मान हलवली.

मग त्यानं हात पुढं केला आणि माझ्या ओंजळीतून आपट्याची पानं परत घेतली. एकेक करून, सगळी. दसऱ्याचं सोनं दिलेलं कुणी परत घेतलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. ती त्यानं खिशात ठेवली आणि जिना चढून वर गेला.

मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले. वर आधी शिरीषचा आवाज आला, थोडा वेळच. मग माईवहिनींचा “अगं बाई” असा एक शब्द. मग काहीच नाही. मी मनातल्या मनात नाव घ्यायला गेले, पण कुणाचं घ्यावं ते कळेना.

आणि मग जिन्यावर आवाज आला. अण्णा खाली येत होते. पायात वहाणा घालून.

मी दार उघडंच ठेवलं.